कार्डाची वाटणी

'वाटणी' हा शब्द आपल्या समाजात कधीच चांगल्या मनाने ऐकला गेलेला नाही. घरात वाटणीची भाषा निघाली की वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरतात, बायकामाणसे स्वयंपाकघरात कुजबुजू लागतात, आणि 'हे आम्ही आधीच ओळखले होते' अशा मुद्रेने शेजारी ओटीवर येऊन बसतात. एकत्र ते चांगले आणि विभक्त ते वाईट, हा धडा आपण लहानपणापासून गिरवीत आलो आहोत. आपले जुने धर्मशास्त्रकार या बाबतीत आपल्याहून पुष्कळच व्यवहारी होते. त्यांनी वाटणीला पाप मानले नाही. वाटावे काय आणि वाटू नये काय, याचाच त्यांनी बारकाईने विचार केला. अंगावरचे वस्त्र, शिजलेले अन्न आणि पाणी यांची गणना मनुस्मृतीने अविभाज्य वस्तूंत केली, आणि मिताक्षरेसारख्या ग्रंथांनी तो विचार पुढे चालविला. शेताचे तुकडे पडतात, विहिरीचे पडत नाहीत. तिला पाळ्याच लावाव्या लागतात. सारांश, शहाणी वाटणी ही भांडणाची नव्हे, तर विवेकाची गोष्ट आहे.

आज आम्ही ज्या वाटणीविषयी लिहिणार आहोत ती शेताची नव्हे की घराची नव्हे. ती आहे बोटाच्या नखाएवढ्या एका वस्तूची. मोबाइल फोनच्या खाचेत सरकविले जाणारे मेमरी कार्ड वाचकांनी पाहिलेले आहेच. लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११ आणि जाडी अवघी १. २००४ साली ते 'ट्रान्सफ्लॅश' या नावाने बाजारात आले आणि पुढल्याच वर्षी त्याचे 'मायक्रोएसडी' असे बारसे झाले. तपकिरीच्या चिमटीबरोबर नाकात जाईल एवढ्या या चकतीचे दोन भाग पाडावेत, एकात छायाचित्रे ठेवावीत आणि दुसऱ्यात फोनवरची अ‍ॅपे नेऊन बसवावीत, असा एक उद्योग दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडील हजारो तरुण मुले रात्र रात्र जागून करीत असत. त्या उद्योगाकडे आम्ही प्रथम कौतुकाने, नंतर कुतूहलाने आणि शेवटी आदराने पाहू लागलो. तो आदर का उत्पन्न झाला, हे सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या उद्योगाचे मूळ अर्थातच दारिद्र्यात आहे. अँड्रॉइड ही प्रणाली असलेला पहिला फोन २००८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेत विक्रीस आला, तेव्हा त्याच्या पोटात कायमच्या साठवणीची जागा सारी मिळून २५६ मेगाबाइट होती. तीतलाही मोठा हिस्सा खुद्द प्रणालीच्याच बैठकीस लागे. पुढे फोन स्वस्त झाले आणि ते आपल्या गावोगावी पोहोचले. परंतु स्वस्त करण्यासाठी ज्या गोष्टींना कात्री लागली, त्यांत ही जागा पहिली होती. २०१४ सालच्या सप्टेंबरात 'अँड्रॉइड वन' या योजनेखाली मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे फोन हिंदुस्थानात प्रथम निघाले. ६,३९९ रुपयांपासून पुढे त्यांची किंमत होती, आणि बेताच्या ऐपतीच्या माणसासाठीच ते काढलेले होते. त्यांतही जागा ४ गिगाबाइटच होती आणि जोडीला कार्डाची खाच होती. खाचेचा अर्थ स्पष्ट होता: घर लहान आहे, पडवी तुमची तुम्ही काढा.

परंतु पडवी काढली म्हणून घरातली माणसे तेथे राहावयास जातातच असे नाही. कार्डावर छायाचित्रे, गाणी, चलच्चित्रे सुखाने राहत. अ‍ॅपे मात्र आतच ठाण मांडून बसत. २०१० च्या मे महिन्यात अँड्रॉइडची २.२ ही आवृत्ती जाहीर झाली आणि तीत अ‍ॅप कार्डावर हलविण्याची अधिकृत सोय प्रथमच मिळाली. तथापि ती सोय सावत्र आईच्या मायेसारखी होती. ज्या अ‍ॅपाच्या कर्त्याने परवानगी दिली असेल तेवढेच हलणार. फोनबरोबर आलेली अ‍ॅपे, म्हणजे ज्यांना कोणीच बोलावलेले नव्हते ते पाहुणे, जागचे हलणारच नाहीत. जे हलेल त्याचेही सारे बिऱ्हाड हलत नसे. त्याची कीर्दखतावणी आतच राही आणि फक्त जड पेटारा कुलूपबंद करून कार्डावर ठेवला जाई. शिवाय फोन तारेने संगणकास जोडून कार्ड त्याच्या स्वाधीन केले, की तेवढा वेळ ती हलविलेली अ‍ॅपे फोनवरून अदृश्य होत. म्हणून गजर लावणाऱ्या किंवा पडद्यावर सतत काही दाखवीत राहणाऱ्या अ‍ॅपांनी कार्डावर जाऊच नये, असा सल्ला त्या प्रणालीच्या कर्त्यांनी स्वतःच देऊन ठेवला होता. एखाद्याने छायाचित्रे उतरवून घेण्यास रात्री तार जोडावी आणि सकाळी गजरच होऊ नये, ही त्यांची भीती वाजवी होती.

या अडचणीचा अर्थ आम्हांस पुस्तकात कळला नाही. तो कळला आमच्या मावशीच्या घरी. मावशी रत्नागिरीनजीकच्या एका खेड्यात राहते. वय ऐंशीच्या घरात. मुलगा आणि सून परदेशात. २०१३ साली तिच्या हाती एक स्वस्त फोन आला. त्यात अ‍ॅपांसाठी उरलेली जागा दोनशे मेगाबाइटांच्या आतबाहेर होती. आरंभी काही दिवस बरे गेले. मग मुलाशी बोलण्याच्या अ‍ॅपाची नवी आवृत्ती आली, ती जुनीपेक्षा लठ्ठ. पंचांगाचे अ‍ॅप होते, तेही बाळसे धरू लागले. आणि एके दिवशी फोनने जागा अपुरी असल्याची वर्दी दिली. त्यानंतर दर पंधरवड्यास मावशीच्या ओटीवर एक न्यायासनच भरू लागले. काय ठेवावे आणि काय पुसावे? पंचांग काढले तर संकष्टीच्या चंद्रोदयासाठी शेजारी विचारावयास जावे लागे; बोलण्याचे अ‍ॅप काढले तर नातवाचा आवाज बंद. गंमत अशी, की खाचेतले ८ गिगाबाइटांचे कार्ड जवळजवळ रिकामे पडलेले होते. आत दाटी आणि बाहेर ओसाडी. "मेलं, पडवी मोकळी आणि माजघरात पाय ठेवायला जागा नाही, हे कसलं घर?" असे मावशी म्हणे, आणि त्या प्रणालीवर याहून नेमकी टीका आमच्या वाचनात अद्याप आलेली नाही.

त्या दिवाळीच्या सुटीत आमचा भाचा तेथे आला होता. तो तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात होता. त्याने फोन हाती घेतला, थोडा वेळ उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "मावशीआजी, कार्डाची वाटणी करावी लागेल." मावशीने चमकून वर पाहिले. तिच्या सासरची वाटणी कोर्टात सतरा वर्षे चाललेली होती. तेव्हा त्या शब्दाने तिच्या मनात काय काय जागे झाले असेल, याची कल्पना आम्हांस आहे. परंतु मुलाने तिला जे समजावून सांगितले ते आम्हीही शेजारी बसून ऐकत होतो, आणि ते येथे आमच्या भाषेत देतो.

कार्डाच्या अगदी आरंभी ५१२ बाइटांचा एक तुकडा असतो, आणि त्यात ६४ बाइटांचे एक लहानसे कोष्टक असते. कार्डावरची कोणती जागा कोणाच्या वाट्याची, ती कोठे सुरू होते, किती लांब आहे, याची त्यात नोंद असते. म्हणजे तो त्या कार्डाचा सातबाराच होय. त्यावर चार मुख्य नोंदींपुरती जागा असते; बहुतेक कार्डांवर एकच नोंद भरलेली असते आणि बाकीच्या तीन रित्या असतात. वाटणी करावयाची म्हणजे हा उतारा नव्याने लिहावयाचा. उतारा बदलला की जुनी वस्ती हाती लागेलच याचा भरवसा राहत नाही. म्हणून कार्डावरचे सारे सामान आधी संगणकावर उतरवून घ्यावे लागते. भाच्याने ते घेतले. मग कार्डावर आठ लिहिलेले असून संगणक सातच्या वर चार दशांश का दाखवितो, हा मावशीचा रास्त संशयही त्याने फेडला: विकणारा हजारांच्या मापाने मोजतो आणि संगणक १०२४ च्या मापाने मोजतो. कार्डात खोट नाही. पायलीच निराळी आहे.

त्यातून एक गिगाबाइट तोडून त्याने दुसरा वाटा काढला, आणि उरलेला मोठा वाटा पहिला म्हणून ठेवला. हा क्रम त्याने मुद्दाम राखला होता. फोन छायाचित्रांसाठी पहिल्याच वाट्याकडे जातो. आणि त्या काळचा विंडोज संगणकही अशा काढत्या-घालत्या कार्डावरचा पहिलाच वाटा पाहत असे, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नसे. दोन्ही वाट्यांची मांडणीही त्याने वेगवेगळी केली. पहिल्यावर 'फॅट ३२' नावाची जुनी, साधी पद्धत ठेवली. ती फोन, संगणक, छायाचित्रे छापून देणाऱ्या दुकानातले यंत्र, अशा जवळजवळ सर्वांना वाचता येते. दुसऱ्यावर लिनक्स प्रणालीच्या घराण्यातली 'ईएक्सटी' पद्धत घातली. कारण अ‍ॅपांच्या वस्तीस केवळ जागा पुरत नाही. कोणती वस्तू कोणाच्या मालकीची, ती कोणी वाचावी, कोणी बदलावी, याची नोंद त्यांना लागते. 'फॅट' पद्धतीस ही मालकीची भाषाच ठाऊक नाही. ती धर्मशाळा आहे; येईल त्याने उतरावे. धर्मशाळेत पाहुणे उतरतात, संसार थाटता येत नाहीत.

यापुढची पायरी नाजूक होती. फोनच्या आतल्या खोल्यांत हात घालावयाचा तर सर्व किल्ल्या हाती असाव्या लागतात, आणि त्या किल्ल्या विकणारा आपल्यापाशीच ठेवतो. त्या मिळविण्याच्या खटपटीस 'रूट करणे' म्हणतात. तीत हमीपत्र गमावण्याचा धोका असतो, एखादी पायरी चुकल्यास फोन निकामीही होतो, आणि आज तर असे केलेल्या फोनवर बँकांची कित्येक अ‍ॅपे चालण्याचेच नाकारतात. मावशीच्या फोनची हमी संपलेली होती आणि बँकेचा व्यवहार ती पासबुकानेच करी. तेव्हा तिने संमती दिली. मग भाच्याने 'लिंकटूएसडी' नावाचे एक अ‍ॅप घातले, दुसऱ्या वाट्याची ओळख त्यास करून दिली, फोन बंद करून पुन्हा चालू केला आणि एकेक अ‍ॅप हलविण्यास आरंभ केला.

येथे जी युक्ती वापरली जाते ती आमच्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. अ‍ॅपाचा जड भाग दुसऱ्या वाट्यात नेऊन ठेवतात. परंतु त्याची मूळची जागा रिकामी सोडीत नाहीत. तेथे त्याच नावाची एक खूण ठेवतात, आणि ती खूण सांगते की मी अमुक ठिकाणी आहे, तिकडे जा. प्रणाली जुन्याच पत्त्यावर येते, खुणेबरोबर मुकाट्याने नव्या जागी जाते, आणि आपण कोठे दुसरीकडे आलो हे तिच्या ध्यानातही येत नाही. अ‍ॅपाला वाटते मी घरीच आहे. फोनला वाटते ते घरीच आहे. कोकणातल्या वाचकास हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या घरातला कर्ता मुलगा मुंबईस एका खोलीत राहतो. परंतु गावच्या घरी त्याचे नाव आहे, मानपान आहे, गणपतीच्या आरतीत त्याची जागा आहे, आणि पोस्टमनही त्याचे पत्र तेथेच आणून टाकतो. तो तेथे नाही, एवढेच! अशा नुसत्या नावांवर कोकणातली किती घरे उभी आहेत हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही खूण म्हणजे काय हे तत्क्षणी कळेल.

संध्याकाळपर्यंत फोनच्या पोटात निम्म्याहून अधिक जागा मोकळी झाली होती. पंचांग राहिले, नातवाचा आवाज राहिला, आणि ओटीवरचे ते न्यायासन बरखास्त झाले. भाच्याने फोन नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी ध्वनिमुद्रणाचे अ‍ॅप उघडले आणि फोन अंगणाकडे धरला. आमचे काका तेव्हा माडाखाली उभे राहून नारळ मोजीत होते, आणि पाडेल्याने मध्येच काही विचारल्यामुळे मोजणी विसरून त्याच्यावर रागावत होते. चाळीस सेकंदांचे ते मुद्रण. त्यात बहात्तरपर्यंतचे आकडे आहेत, एक शिवी आहे आणि शेवटी स्वतःचेच हसू आहे. ते कार्डाच्या पहिल्या वाट्यात जाऊन पडले. २०१४ च्या पावसाळ्यात काका गेले.

या पद्धतीत दोष नव्हते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. कार्ड हे फोनच्या अंगच्या स्मृतीपेक्षा मंद असते. कार्डावर छापलेला वर्गाचा आकडा सलग लिहिण्याचा वेग सांगतो; चारच्या वर्गाचे कार्ड दर सेकंदास निदान ४ मेगाबाइट लिहील, एवढाच त्याचा अर्थ. लांबलचक चलच्चित्र साठविण्यास तेवढे पुरते. अ‍ॅपांचा स्वभाव निराळा; ती इथले चिमूटभर वाचतात, तिथले चिमूटभर लिहितात, आणि या धावपळीत स्वस्त कार्डास धाप लागते. २०१६ साली कार्डांच्या जागतिक संघटनेने अ‍ॅपांसाठी म्हणून 'ए १' हा निराळा दर्जा ठरविला आणि त्यात दर सेकंदास १५०० लहान वाचने व ५०० लहान लेखने झालीच पाहिजेत असे बंधन घातले. आमच्या भाच्यासारख्या मुलांनी वर्षानुवर्षे जे सोसले त्यास मिळालेली ती उशिराची पावती होय. दुसरा दोष झिजेचा. या स्मृतीतली प्रत्येक पेशी ठराविक वेळाच पुसून लिहिता येते. लिखाण जितके अधिक, तितके कार्डाचे आयुष्य कमी. म्हणूनच कित्येक जाणते लोक दुसऱ्या वाट्यासाठी 'ईएक्सटी २' ही जुनी पद्धत पसंत करीत. कारण तीत प्रत्येक बदलाची आगाऊ नोंद ठेवण्याची रोजनिशी नसते आणि तेवढे लिहिणे वाचते. तिसरा आणि सर्वांत मोठा दोष असा, की वाटे दोन असले तरी कार्ड एकच. एका छपराखाली दोन बिऱ्हाडे. छप्परच कोसळले तर भिंत कोणासही वाचवीत नाही.

तर मग या वाटणीने साधले तरी काय? जागा मिळाली, हे एक उत्तर. परंतु खरे उत्तर आम्हांस तीन वर्षांनी मिळाले. २०१६ च्या आषाढात, भिंतींना ओल आलेली असताना, मावशीचा फोन एका सकाळी उठला नाही. तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडून पाहिला आणि हात झटकले. त्या फोनच्या आत जे होते ते गेले. अ‍ॅपांच्या कीर्दखतावण्या गेल्या, आणि कार्डाच्या दुसऱ्या वाट्यातली अ‍ॅपेही निराधार झाली. कारण त्यांची नावे सांगणारे घरच उरले नव्हते. परंतु त्यांबद्दल कोणी अश्रू ढाळले नाहीत. ती घटकाभरात पुन्हा उतरवून घेता येणार होती. पहिला वाटा भाच्याने आपल्या संगणकात घातला. तो धर्मशाळेसारखा कोणासही उघडत होता, तसाच उघडला. नातवाची छायाचित्रे होती. आणि बहात्तरपर्यंतचे आकडे होते.

यानंतर नवा फोन आला. २०१५ सालच्या शरदात निघालेली अँड्रॉइडची सहावी आवृत्ती त्यावर होती, आणि तीत या जुन्या दुखण्यावर प्रणालीच्या कर्त्यांनी स्वतःच एक औषध दिलेले होते. कार्ड घातले की फोन विचारतो: हे कार्ड हलते-फिरते ठेवू, की फोनच्या अंगचेच करून टाकू? अंगचे केले की जागेची ददात मिटते. अ‍ॅपे आपोआप तिकडे जातात, किल्ल्या चोरण्याचे कारण उरत नाही. मात्र त्यासाठी कार्ड कोरे केले जाते, नंतर ते गुप्त लिपीत लिहिले जाते, आणि त्या लिपीची किल्ली त्या एका फोनपाशीच राहते. ते कार्ड काढून दुसरीकडे घातले तर कोणासही वाचता येत नाही. चोरापासून हे संरक्षण आहे, यात संशय नाही. भाच्याने हे सारे मावशीस समजावून दिले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे हे कार्ड त्या फोनच्या नावावर चढणार. मग फोन गेला की कार्डही त्याच्याबरोबर सती जाणार, असंच ना?"

"तसंच म्हणायचं," भाचा म्हणाला.

"मग तसं नको. मागच्यासारखी वाटणी होत नाही का?"

होत होती. यादीत ते दोनच पर्याय असले, तरी तिसरा पर्याय प्रणालीच्या पोटात दडवून ठेवलेला होता. फोन संगणकास जोडून एक ओळ लिहावी लागे, आणि तीत शेकडा किती भाग हलता ठेवावयाचा तो आकडा द्यावा लागे. बाकीचा भाग फोनचा होई. पुष्कळ उत्पादकांनी कार्ड अंगचे करण्याची सोयच आपल्या फोनांतून काढून टाकली होती. सुदैवाने या फोनात ती शिल्लक होती. जुने कार्ड आता थकले असेल म्हणून ३२ गिगाबाइटांचे नवे आणले, त्याचे निम्मेनिम्म केले, आणि सारी छायाचित्रे व ते मुद्रण हलत्या भागात ठेवले. एक प्रत भाच्याच्या संगणकावर राहिली, एक परदेशी मुलाकडे गेली. जुने कार्ड मावशीने फेकू दिले नाही. काकांच्या तपकिरीच्या डबीत ते ठेवलेले आहे. तपकीर अर्थात झाडून टाकली आहे.

मावशीच्या त्या प्रश्नाने आमच्या मनात जो प्रकाश पडला तो हा. फोनवर आपण जे जे साठवितो ते वरवर एकाच मापाने मोजले जाते. एक मेगाबाइट अ‍ॅप आणि एक मेगाबाइट छायाचित्र यांत यंत्रास भेद दिसत नाही. परंतु या दोहोंची जात भिन्न आहे. अ‍ॅप हे यंत्राचे अंग आहे. ते दुकानातून आले, उद्या पुन्हा तेथून आणता येईल. ते यंत्राबरोबर जगावे आणि यंत्राबरोबर मरावे, यात कोणाचे काही जात नाही. छायाचित्र, आवाज, पत्र ही यंत्राची नव्हेत. ती केवळ वस्तीस आलेली आहेत. त्यांना यंत्रापेक्षा अधिक जगावयाचे आहे. एकाच्या नशिबी असलेले मरण दुसऱ्यास लागू नये, म्हणून दोहोंमध्ये भिंत हवी. भाच्याने ती भिंत जागा मिळावी म्हणून घातली. मावशीने ती का असावी हे ओळखले. जुन्या शास्त्रकारांनी पाणी आणि शेत यांत जो विवेक केला, तोच विवेक तिने या नखाएवढ्या कार्डावर केला, एवढेच.

आता दिवस पालटले आहेत. नवे फोन १२८ गिगाबाइटांची, पुष्कळदा त्याहूनही अधिक जागा पोटात घेऊन येतात आणि कित्येकांना कार्डाची खाचच नसते. आत भरपूर जागा असता वाटणीचा विचार तरी कोण करील? एका प्रशस्त दालनात अ‍ॅपे, छायाचित्रे, आवाज, पावत्या सारे एकत्र नांदते, आणि त्या दालनाचे दार एकच असते. ज्यांना धास्ती वाटते ते आपले सामान दूरच्या संगणकांवर, परक्याच्या वाड्यात मासिक भाड्याने नेऊन ठेवतात. तेही वाईट नाही. आमचीही काही छायाचित्रे तेथे आहेत. मात्र भाडे थकले किंवा परवलीचा शब्द माणसाबरोबरच गेला, तर त्या वाड्याच्या दारात आपल्या मुलानातवंडांची ओळख कोण पटविणार, याचा विचार ज्याचा त्याने केलेला बरा.

दारिद्र्याचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. जागेअभावी नातवाचे छायाचित्र पुसावे लागणे ही काही संस्कृती नव्हे, आणि ज्या मुलांनी कार्डाचे वाटे घालण्यात रात्री घालविल्या त्यांना त्या झोपेत घालविता आल्या असत्या तर ते अधिक बरे झाले असते. परंतु त्या टंचाईने एक गोष्ट त्यांच्याकडून सक्तीने करविली: आपल्याजवळ काय आहे, ते कोठे आहे आणि ते कोणाचे आहे, हे त्यांना पाहावे लागले. भरल्या घरात हे कोणी पाहत नाही. आमची वाचकांस विनंती एवढीच आहे, की फोन केवढाही मोठा असो, वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई निघते तेव्हा म्हणा, त्यात जे पुन्हा विकत मिळणार नाही तेवढे वेगळे काढावे आणि कोणत्याही यंत्रास उघडता येईल अशा दोन ठिकाणी ठेवावे. कामास अर्धा दिवस पुरतो. आमच्याकडून ते अजून दरवर्षी मावशीच करवून घेते. आणि त्या निमित्ताने ते आकडे एकदा बहात्तरपर्यंत ऐकले जातात.